विचारल्याशिवाय हात लावू नये

५ जानेवारी, सोमवार

थंडीची सुट्टी संपली, शाळा उघडली, अन् पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरवून ठेवलं शाळेवाल्यांनी.

आमचे प्रिन्सिपल योगेंद्र सर. सगळ्या स्टाफला हॉलमध्ये बसवलं अन् नवा नियम वाचून दाखवला. आता कोणत्याच मुलाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पडो, रडो, ताप येवो, आधी विचारायचं, काय करणार ते सांगायचं, मग हात. पोट-पाठ बघायची असंल तर खोलीत दुसरं मोठं माणूस पाहिजे. अन् मूल नको म्हणालं तर नको. "बच्चे ने मना किया तो वहीं रुक जाना है, इंदू सिस्टर." अख्ख्या हॉलमध्ये नाव घेतलं ते एकटं माझंच. अगं माय! मी काय चोर आहे?

या शाळेच्या सिकरूममध्ये माझी उभी हयात गेली. आज ज्या बाया पोरींना स्कूटीवर सोडायला येतात, त्यांची नाकं मी पुसलेली आहेत. कपाळाला हात लावला की ताप कळते मला, थर्मामीटर नंतर. अन् बेंबीचं तर विचारूच नका. आमच्या या हिंदी शहरात मदन महलपासून रांझीपर्यंत कोणत्याही मराठी घरात विचारा, बेंबी सरकली तर कोणाकडे जायचं. सासूबाई वरुडच्या होत्या, त्यांनी शिकवलं. माणूस उताणं झोपवायचं, बेंबीवर अंगठा ठेवायचा. आतली धडधड मधोमध लागली तर ठीक. बाजूला लागली तर बेंबी सरकली. मग चोळत चोळत, दाबत दाबत जागेवर आणायची. गोळ्यांनी उतरत नाही ते दुखणं उतरते. लोक म्हणतात, इंदूताईच्या हाताला गुण आहे. मी नाही म्हणत, लोक म्हणतात.

हे सगळं त्या मनीषाचं काम. दिवाळीनंतर लागली ही दुसरी नर्स. मझौलीची, बापाची तिथं थोडी शेती, नर्सिंगची डिग्री घेतली अन् ही पहिलीच नोकरी. तोंडावर "दीदी, दीदी" करते अन् सरांच्या केबिनमध्ये जाऊन कुठले कुठले नियम वाचून दाखवते. कानामागून आली अन् तिखट झाली. मार्चमध्ये माझी मुदत संपते. पुढचं वर्ष द्यायचं का नाही, ते सरांच्या हातात. घरी बसवलं तर मी काय करू? यांच्यासोबत दिवसभर टीव्ही बघू?

यांना सांगितलं तर रामराव म्हणतात, "विचारून लावत जा नं. काय जाते तुझं?" फॅक्टरीत सगळा जन्म मशीनला हात लावला या माणसानं. मशीन कधी विचार म्हणते का? म्हणून ही वही काढली. इथल्या मराठी मंडळानं दिलेली डायरी आहे, कोरीच पडली होती. कुठंतरी बोलायला पाहिजे नं माणसानं.

८ जानेवारी

पहिलीतली एक चिमुरडी झोपाळ्यावरून पडली. गुडघा फुटला, भोकाड पसरलेलं. मी उचलून कॉटवर बसवणार तर मनीषा मध्ये आली. तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली. "मैं देखूँ? सिर्फ देखूँगी, छुऊँगी नहीं." पोरगी म्हणे नहीं. "अच्छा, नहीं. मैं यहीं बैठी हूँ." अन् बसली नं बाप्पा खरंच! हातात कापूस घेऊन. इकडे रक्त वाहून राहिलं अन् या दोघी मांजराच्या गोष्टी करून राहिल्या. शेवटी पोरीनं आपणच गुडघा पुढे केला.

मी असती तर तेवढ्या वेळात पट्टी बांधून वर्गात पाठवून दिलं असतं. रडली असती थोडी. पोरं रडतातच.

जाताना पोरगी मनीषाला टाटा करून गेली. मला नाही केलं. इतकं लागलं ते मनाला की लिहायचीही लाज वाटून राहिली.

१४ जानेवारी, संक्रांत

घरी हळदीकुंकू केलं. गल्लीतल्या सगळ्या मराठी बाया आल्या होत्या, हिंदीवाल्या शेजारणीही आल्या. तिळाच्या वड्या यंदा जरा कडक झाल्या, पण संपल्या.

प्रणाली तिच्या सासूला घेऊन आली. प्रणालीचा नवरा रत्नाकर रेल्वेत, चार घरं सोडून राहतात, समृद्धी तिची पोरगी, आमच्याच शाळेत सातवीत. सासूचं पोट धरलेलं. आतल्या खोलीत नेऊन बघितलं तर बेंबी चांगली दोन बोटं सरकलेली. बसवून दिली. म्हातारी उठून ताठ चालत बाहेर आली अन् सगळ्या बाया "बघा, बघा" करायला लागल्या. प्रणाली म्हणाली, "डॉक्टरकडे जायचं कामच नाही, आपल्याकडे इंदूताई आहेत." बरं वाटलं. शाळेत चार दिवस जे ऐकून घेतलं ते सगळं उतरलं.

समृद्धी दारातच उभी होती. तिच्या आईनं तिला सांगितलं, "शाळेत काही झालं तर थेट मावशीजवळ जायचं, त्या नव्या पोरीजवळ नाही." पोरगी मान हलवते नुसती. मराठी समजते सगळं, बोलायची वेळ आली की हिंदी. आजकालची पोरं.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज मन शांत आहे. सगळं नीट लिहून ठेवते.

सव्वीस जानेवारीच्या परेडची प्रॅक्टिस सुरू आहे. दुसऱ्या तासाला समृद्धीला तिची मैत्रीण धरून घेऊन आली. पोरगी वाकून चालत होती, उलटी होऊन गेलेली. सकाळी बेंबीजवळ दुखत होतं, आता इकडे खाली दुखते म्हणाली, उजवीकडे. मनीषानं तिचं सगळं विचारणं-बिचारणं केलं, "पेट देखूँ?", पोरगी हो म्हणाली, मग हात ठेवून हलकं दाबलं. पोरगी ओरडली. मनीषानं लगेच हात काढून घेतला अन् मला बाजूला नेऊन म्हणते, "दीदी, मुझे अपेंडिक्स लग रहा है. घर फोन करके सीधे अस्पताल भेजते हैं."

मी म्हटलं, "अगं, परेड में कूदी होगी, नाभि खिसकी है. रोज का है यह." तर म्हणे, "नहीं दीदी, अब इसका पेट कोई नहीं छुएगा." कोई नहीं! म्हणजे मी. मला ऐकवून राहिली होती कालची पोरगी. प्रणाली फोन उचलेना. मनीषा ऑफिसमध्ये गेली, बापाचा नंबर घ्यायला अन् गाडी सांगायला. मैत्रिणीला मी वर्गात पाठवलं, शकुला गरम पाणी आणायला पाठवलं. शकु म्हणजे आमच्या सिकरूमची बाई.

आता मी काय करायचं होतं? पोरगी कळवळून राहिली अन् मी हातावर हात धरून बसू? तिच्या आईनं माझ्या भरवशावर टाकलेली पोर आहे. मी दार लोटलं, तिला उताणी केली. म्हणते कशी, "मावशी, नको. मत छुओ ना, नको." लाजली असंल, वय आहे. मी म्हटलं, "अगं, मी काय परकी आहे का? आईसारखी आहे तुला." अंगठा ठेवला तर धडधड मधोमध लागतच नव्हती. तेल नव्हतं, व्हॅसलिनवर भागवलं. पोरगी हात मध्ये आणून राहिली होती, तर एका हातानं तिची दोन्ही मनगटं धरून ठेवली अन् दुसऱ्या हातानं बसवायला घेतली. पोट फार कडक होतं. असं कडक पोट कधी लागलं नव्हतं हाताला. मीही सोडलं नाही. जोर लावला. "आई गं" करून ओरडली एकदा, अन् तेवढ्यात बोटाखाली आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं.

अन् उतरलं की दुखणं! थोड्या वेळानं चेहरा निवळला पोरीचा. "अब कम है," म्हणाली. बघ म्हटलं, उगाच घाबरत होतीस. तोंड धुवून दिलं, वेणी नीट करून दिली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, दमली होती.

मनीषा परत आली तेव्हा पोरगी उठून बसलेली. मनीषाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तरी म्हणे गाडी निघाली आहे, भेजते हैं. तेवढ्यात प्रणालीचा फोन आला. मनीषा तिला अस्पताल, अस्पताल सुरू करणार, मी तिच्या हातातून फोन घेतला. म्हटलं, प्रणाली, काही नाही गं, बरं आहे आता, परेडमध्ये उड्या मारल्या, घरी आली की ओव्याचं पाणी दे. ती घरीच पाठवा म्हणाली, तर तीच गाडी पोरीला घरी सोडून आली. बेंबी बसवली हे सांगणार होती, पण मनीषा शेजारी उभी. नियम मोडला म्हणून सरांकडे पळाली असती. नाहीतर प्रणाली किती खूश झाली असती.

मनीषा मला म्हणते, "आपने कुछ किया क्या, दीदी?" मी म्हटलं, काम कर आपलं.

रामरावांना सगळं सांगितलं जेवताना. म्हणाले, "पोरगी नको म्हणत होती तर काहून केलं?" यांना काय कळते. मी म्हटलं, दुखणं उतरलं का नाही ते बोला.

१७ जानेवारी

सकाळीच रत्नाकरचा फोन. समृद्धीला रात्री ताप भरला, पोट फुगलं, दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं. पू सगळा पोटात पसरला म्हणतात. ऑपरेशन झालं. आयसीयूत आहे.

पुढे लिहवत नाही.

१८ जानेवारी, रविवार

दवाखान्यात जाऊन आली. काचेतून बघितलं. पोरीच्या नाकात नळी, पोटात नळी. एवढीशी दिसून राहिली होती. मी तिथंच भिंतीला धरून रडली. खोटं नाही रडली, देवाशपथ.

प्रणालीचे डोळे सुजलेले. मला मिठी मारून रडली अन् मग म्हणाली, "ताई, डॉक्टर विचारून राहिले, पोट कोणी चोळलं का म्हणून. बेंबीभोवती काळंनिळं झालं आहे. अशा दुखण्यात चोळायचं नसते म्हणे, आतल्या आत फुटते." माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "तुम्ही तर नाही नं बसवली बेंबी?"

मी म्हटलं, "नाही गं. नियम आहे नं आता. हात लावूच देत नाहीत."

तोंडातून निघून गेलं. मी ठरवून नाही बोलली. निघून गेलं, अन् प्रणालीनं सुस्कारा सोडला. "मला माहीतच होतं," म्हणाली. मग परत कसं फिरवणार? तिथं, त्या वेळी, पोर आत पडलेली असताना? अन् डॉक्टरच तर म्हणाले की काही वेळा आपोआपही फुटते. आपोआपच फुटलं असंल. काळंनिळं तर काय, हलकं दाबलं तरी होते काही काही जणांना.

१९ जानेवारी, सोमवार

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मी, मनीषा अन् रत्नाकर. त्याची दाढी वाढलेली, डोळे लाल.

सरांनी विचारलं, शुक्रवारी समृद्धीच्या पोटाला कोणी हात लावला. मनीषानं लगेच सांगितलं, "मैंने, सर. पूछकर. हल्का-सा दबाया, उसे दर्द हुआ तो हाथ हटा लिया." खरं बोलली. इतकं सरळ कोणी बोलते का अशा ठिकाणी? मग म्हणाली, "उसके बाद मैं ऑफिस गई. लौटी तो बच्ची के पेट पर वैसलीन लगी थी. दीदी ने मालिश की है, सर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "सर, मैं तो हाथ नहीं लगाती. आपका नियम है ना."

"और मनीषा ने दबाया था?"

"दबाया ना, सर. बच्ची चिल्लाई. मेरे सामने."

एक शब्द खोटा नव्हता त्यात. पोरगी ओरडली होती. मनीषा म्हणाली, "दीदी, सर की तरफ नहीं, मेरी तरफ देखकर बोलिए." मी तिकडे बघितलं नाही. रत्नाकरच बोलला मग. "सर, इंदू ताई हमारे घर के जैसी हैं. झूठ नहीं बोलेंगी. और उन्हें तो नाभि बिठाना आता है, वो करतीं तो ठीक से करतीं." मनीषाच्या घरचं तिथं कोणी नव्हतं.

घरी आली तर रामरावांनी टीव्ही बंद केला. "काय सांगितलं?" विचारलं. मी म्हटलं, जे सांगायचं ते सांगितलं. ते उठून बाहेर चक्कर मारायला गेले. शुक्रवारी यांना उगाच सांगितलं.

२२ जानेवारी

अजून आयसीयूतच. ताप उतरत नाही. मी रोज डबा घेऊन जाते प्रणालीसाठी. आज डाळ-भात अन् मेथी नेली.

आज तिनं काय बोलावं? "ताई, तुम्ही हात लावला असता तर तुम्हाला कळलं असतं नं. तुमच्या हाताला सगळं कळते. त्या नियमाची भीती काहून वाटली तुम्हाला? आपल्या पोरीसाठी एवढंही नाही केलं?" अन् रडायला लागली. मी डबा उघडत बसली. हात लावला नाही म्हणून मी दोषी! ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. इतका राग आला, की ओरडून सांगावं वाटलं, लावला होता हात, लावला होता. घास गिळावा तसं गिळलं.

२४ जानेवारी

मनीषाला काढलं. नीट तपासता येत नव्हतं अन् पोट दाबलं, पालकांची तक्रार आहे, असं काहीतरी सांगितलं म्हणतात. सामान घ्यायला सिकरूममध्ये आली. एक पाण्याची बाटली, एक स्वेटर, तिचं ते स्टेथोस्कोप. सामान म्हणजे एवढंच. मला वाटलं भांडेल. मी तयार होऊन बसली होती, दोन शब्द मीही ऐकवले असते.

भांडली नाही. म्हणाली, "दीदी, डॉक्टर को सच बता दीजिए. मुझे मत बुलाइए वापस, पर डॉक्टर को बता दीजिए कि कितना दबाया, कब दबाया. उनके काम आएगा. बच्ची अभी खतरे से बाहर नहीं है."

मी म्हटलं, "चलो, मुझे मत सिखाओ."

"ठीक है," म्हणाली अन् गेली. मझौलीची बस पकडायची होती तिला. आता तिथं जाऊन काय करते कोण जाणे, असं नाव लागलं तर दुसरी शाळा घेणार नाही. तरुण आहे, डिग्री आहे, होईल काहीतरी. माझ्या वयाला कोण विचारते?

डॉक्टरला सांगायचं म्हणून गेली होती संध्याकाळी. खोटं का बोलू, दारापर्यंत गेली. आत पेशंट होते. प्रणाली बाकावर बसलेली होती समोरच. डबा देऊन परत आली. ती मनीषा काय हुशार आहे तिथल्या डॉक्टरांपेक्षा? त्यांना कळत असंल सगळं.

२७ जानेवारी

आज तर कमालच. सरांनी स्टाफ मीटिंगमध्ये मला पुढे बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाले, इंदू सिस्टरनी इतक्या वर्षांची सवय बाजूला ठेवून नियम पाळला, याला म्हणतात शिस्त. आता तुम्हीच सगळ्यांना समजावून सांगा, कसं विचारायचं, कधी थांबायचं. टाळ्या वाजल्या.

मी सांगितलं मग. आधी खाली बसायचं, मुलाच्या डोळ्यांसमोर. विचारायचं. नाही म्हटलं तर तिथंच बसून राहायचं. काय बोलायचं ते सुचत नव्हतं, तर मनीषा करायची तेच सांगून टाकलं. पीटीचे सर वहीत लिहून घेऊन राहिले होते.

४ फेब्रुवारी

समृद्धीला आयसीयूतून वॉर्डात आणलं. देव पावला! मी नारळ फोडला.

बघायला गेली तर झोपलेली होती, का डोळे मिटून पडली होती. प्रणाली मला बाहेर घेऊन आली अन् हसत सांगते, "ताई, तापात काय काय बरळते ही. म्हणते, इंदू मावशीनं माझे हात धरून ठेवले होते अन् पोट दाबलं. मी म्हटलं, बाई, ती मनीषा होती, मावशी तर तुला हात लावायलाही घाबरत होती." मीही हसली. म्हटलं, तापात होते असं. औषधांनीही होते.

अन् खरंच होते. मी बघितलेलं आहे.

येताना ऑटोवाल्यानं पुलाजवळ जाम म्हणून लांबून नेलं. बरंच झालं, घरी लवकर जायचं मन नव्हतं. रामराव आजकाल माझ्याशी भाजी-मिठापुरतंच बोलतात. आज विचारलं, "ती मझौलीची पोरगी, काही कळलं का तिचं?" मी म्हटलं, मला काय माहीत. काहून विचारता? तर म्हणे, "असंच."

१२ फेब्रुवारी

पुढचं वर्ष मिळालं. सरांनी आज बोलावून सांगितलं. हवं होतं ते झालं. पेढे घेतले, स्टाफरूममध्ये वाटले, घरी आणले. रामरावांनी पेढा हातात घेतला अन् बशीत ठेवून दिला. साखर वाढली आहे म्हणे. संक्रांतीला आठ वड्या खाल्ल्या तेव्हा नव्हती वाढली!

सिकरूममध्ये काही काम नाही. पोरी येतच नाहीत. आधी पाळीच्या दिवसांत रांग लागायची, डोकं दुखते, पोट दुखते, जरा पडू द्या म्हणून. आता कोणी नाही. शकु म्हणते, सातवीच्या पोरी दुखलं तरी वर्गातच डोकं टेकून पडून राहतात, बाईंनी जा म्हटलं तरी नाही येत. हवा चांगली आहे, थंडी गेली, म्हणून असंल. कॉटवरच्या चादरी धुवून घेतल्या.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

समृद्धी आज शाळेत आली. लिहू का नको, लिहू का नको करत बसली होती मी. लिहिते.

सरांनी तिला सिकरूममध्ये पाठवलं, टाके बघून घ्या म्हणून, परीक्षेला बसू शकते का ते सांगायचं होतं. वाळून गेली आहे पोरगी. युनिफॉर्म लोंबत होता अंगावर. नियम म्हणून मी शकुला खोलीत थांबवलं. शकु खिडकीजवळ पुसत होती.

मी खाली बसली. आता गुडघे साथ देत नाहीत, तरी बसली, तिच्यासमोर. "ये बाळा," म्हटलं. "कसं आहे?"

ती उभीच. मग हळू विचारलं तिनं. रागानं नाही. गणितातलं काही अडलं असंल तसं विचारलं. "मावशी, उस दिन आप ही थीं ना? मम्मी कहती है मनीषा दीदी थी. सब कहते हैं बुखार में मुझे ऐसा लगा. मुझे तो याद है. पर सब कहते हैं, तो अब मुझे भी समझ में नहीं आता." अन् म्हणाली, "आप बता दो बस. मैं किसी को नहीं बोलूँगी."

मी हो म्हणणार होती. देवाशपथ, तोंड उघडलं होतं मी हो म्हणायला. शकुनं खिडकी पुसणं थांबवलं होतं. एकदा हो म्हटलं की संपलं. प्रणाली, रत्नाकर, सर, मंडळातल्या बाया, पुढचं वर्ष, सगळं. अन् पोरगी तर वाचली आहे. उभी आहे समोर, परीक्षा देणार आहे. मग कशासाठी?

"नाही गं," मी म्हटलं. "मनीषाच होती. तुला ताप होता, बाळा."

"अच्छा," म्हणाली. बस, एवढंच. मान खाली घालून उभी राहिली, आपलंच काही चुकलं असंल तशी.

मी म्हटलं, "टाके बघू? हात लावू का?"

तिनं मान हलवली. "नको."

मी हात मागे घेतला. दप्तर पोटाशी धरून ती वर्गात निघून गेली. सरांना सांगितलं, टाके ठीक आहेत, बसू शकते परीक्षेला. शकु पोछा पिळत म्हणाली, "लाजली जी पोरगी."

मी म्हटलं, हो.